चुनखडकातली अंडी

माझ्या लग्नाच्या वेळी दोन स्थळं सांगून आली होती. एक फौजदार होता, दुसरा कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत होता. दगडापेक्षा वीट मऊ, असा हिशेब करून आईनं मास्तर पसंत केला. फौजदारानं निदान दगड घरी आणले नसते, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

अकोल्यातल्या जठारपेठेतलं आमचं घर बाहेरून चारचौघांसारखंच आहे. आत पाऊल टाकलं की पाहुणा आधी ठेचकाळतो आणि मग नमस्कार करतो. पलंगाखाली दगड, दिवाणात दगड, शोकेसमध्ये जिथं लोक बाहुल्या आणि कपबशा मांडतात तिथंही दगडच. दर रविवारी शेजारणींचे नवरे पिशवीतून मटण आणत, माझा नवरा खडक आणी. मी पोस्टात नोकरी केली. जड पार्सलं उचलायला तिथं माणूस होता, घरी मीच होते.

सगळी गल्ली त्यांना सर म्हणते. त्यामुळे मीही सरच म्हणते. घरी आलेल्या प्रत्येकाला सर एकेक दगड हातात देऊन त्याची कुळकथा सांगत. पाहुणा मान डोलवत ऐके आणि शेवटी ठरलेला प्रश्न विचारी, "याच्यातून सोनं गिनं निंगते का सर?" नाही म्हटलं की दगड खाली ठेवून तो चिवड्याच्या बशीकडे वळे.

खरं तर सरांचा जीव सगळ्या दगडांवर नव्हता. आपण वऱ्हाडातली माणसं काळ्यावर वाढलेली. माती काळी, मातीखालचा पाषाण काळा. सरांचं प्रेम त्याच्याही खालच्या पांढऱ्यावर होतं. सातपुड्याच्या पायथ्याशी नाले खोल उतरतात, तिथं काळ्या पाषाणाच्या बुडाशी कुठं कुठं मळकट पांढरा चुनखडक उघडा पडतो. हा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा, आणि तो इथं पसरायच्या आधीचा हा चुनखडक. तेव्हा इथं डायनासोर हिंडत होते. त्या खडकात गोगलगायी आहेत, माशांचे खवले आहेत, कासवाच्या पाठीचे तुकडे आहेत आणि नशीब असेल तर हाडं आणि अंडीही सापडतात. हे सगळं सर अशा सुरात सांगत, की जणू काल परतवाड्याला जाऊन मामेभावाची खुशाली विचारून आलेत.

त्यांचं नशीब अमरावती जिल्ह्यातल्या एका गावात होतं. गावाचं नाव मी घालत नाही. का, ते पुढं वाचल्यावर कळेलच.

त्या गावात एका ताईंचं शेत आहे. शेताचा खालचा धुरा, म्हणजे बांध, सरळ नाल्यात उतरतो. सर पहिल्यांदा तिथं हातोडी घेऊन ठकठक करत होते, तेव्हा ताई काठी घेऊन आल्या. आपल्याकडे अनोळखी माणूस शेतात ठोकाठोकी करताना दिसला, की तो गुप्तधनासाठीच आलेला असतो.

"काय खोदून राहिले हो इथं?" त्यांनी विचारलं.

सरांनी त्यांना गोगलगायीपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. ताईंना किती कळलं देव जाणे. पण इतका वेळ बोलणारा माणूस चोर नसतो, एवढं त्यांनी ताडलं आणि भाकर-ठेचा वाढला. तेव्हापासून त्या सरांना सरभाऊ म्हणू लागल्या. हिवाळ्यात ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी रांधली, की सर त्या वासानं अकोल्याहून जाताहेत की खडकाच्या ओढीनं, याचा मला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.

नाल्याच्या कडेला गुडघ्याएवढ्या उंचीवर चुनखडकाची एक फळी बाहेर आलेली होती, आणि त्या फळीत अर्धवट उघडी पडलेली अंडी होती. बेलफळाहून मोठी, जवळजवळ टेकलेली, टोपलीत ठेवावी तशी. मी एकदाच भिंगातून पाहिली. वरच्या पातळ कवचावर बारीक बारीक पुळ्या होत्या, थंडीत अंगावर काटा येतो तशा. मला त्या दगडात पहिल्यांदाच काहीतरी जिवंत दिसलं. तसं मी सरांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझं स्वयंपाकघरही गेलं असतं.

दुसऱ्या कोणी ती अंडी छिनीनं काढून कॉलेजच्या कपाटात ठेवली असती, खाली आपल्या नावाची चिठ्ठी लावली असती. सरांनी एकालाही हात लावला नाही. "जागेवरून उचललं की ते अंडं राहत नाही," ते म्हणत. त्यांची इच्छा एकच होती. जाणत्या माणसानं तिथं यावं, ती अंडी जागेवर पाहावीत, आणि सरकारनं त्या फळीभोवती कुंपण घालावं. त्यासाठी ते वर्षानुवर्षं वर कळवत राहिले. वरच्यांचं काय चाललं होतं कोण जाणे, खाली काही आलं नाही.

तोवर सर गावातल्या लोकांना शिकवत राहिले. मास्तर निवृत्त होतो, शिकवणं होत नाही. खिशात पातळ ॲसिडची एक छोटी बाटली असे. जो कोणी नाल्यात येई त्याला ते बाजूच्या खडकावर एक थेंब टाकून दाखवत. थेंब फसफसे. "पाहा, याच्यात चुना आहे, म्हणून फसफसतो." लोकांना फार गंमत वाटे. थेंबाच्या जागी खडकावर टिकलीएवढा पांढराशुभ्र डाग उमटे, तोही सगळे वाकून पाहत.

मग सरांचे गुडघे गेले. नाल्यात उतरायचं तर दोघांनी धरावं लागे. आता काही होत नाही, असं मी मनाशी धरून चालले होते, तेवढ्यात त्यांचा एक जुना विद्यार्थी सरकारच्या भूगर्भ खात्यात मोठ्या जागेवर गेला आणि चक्रं फिरली. त्याच्याही वरचे मोठे साहेब स्वतः जागा पाहायला येणार, सोबत एक तज्ज्ञ बाई आणणार, आणि बाईंनी होकार दिला की जागा संरक्षित होणार, असं ठरलं. फोन ठेवल्यावर सर बराच वेळ दिवाणावर बसून राहिले. मी चहा नेऊन दिला, तो तसाच गार झाला. एवढ्या आनंदात मी त्यांना मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

साहेब येणार म्हटल्यावर गावाला अंड्यांची किंमत कळली. तोवर ती सरांची होती, आता गावाची झाली. सरपंचांनी स्वागत समिती केली. समितीनं पहिलं काम केलं ते बॅनरचं. बॅनरवर सरपंच, उपसरपंच, त्यांचे नेते आणि नेत्यांचे नेते होते. कोपऱ्यात उरलेल्या जागेत डायनासोर होता, तोही जबडा वासलेला आणि दात दाखवणारा. सर म्हणाले, आपल्या इथले अंडी घालणारे झाडपाला खाणारे होते, मान लांब, स्वभाव गरीब. त्यावर सरपंच म्हणाले, "पाला खाणारं जनावर पाहायले कोण येते सर? थे तं आमच्या गोठ्यात बी आहे."

पलीकडच्या गावानंही हक्क सांगितला. दोन गावांची शीव त्या नाल्यातूनच जाते. अंडी तुमच्या शिवारात असतील, पण घालणारी आमच्या शिवारातून आली होती, असं त्यांचं म्हणणं. पायांचे ठसे आहेत का, असं सरांनी भाबडेपणानं विचारलं. "ठसे कायले पाहिजेत?" ते म्हणाले. "चारा आमच्याकडे जास्त आहे." मामला तंटामुक्ती समितीकडे गेला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या बाईवरून तंटा व्हायची त्या समितीची पहिलीच वेळ असावी. शेवटी पार्क झालं तर पार्किंग पलीकडच्या गावाला, असं ठरून प्रकरण मिटलं.

सर एवढ्यावरही खूश होते. भेटीच्या आठवडाभर आधी जाऊन त्यांनी समितीला समोर बसवून बजावलं. हातोडी लावायची नाही, गेरू लावायचा नाही, शेंदूर लावायचा नाही, नारळ फोडायचा नाही, सेल्फीसाठी वर चढायचं नाही. वऱ्हाडी माणूस दगडाचं जे जे करू शकतो ते ते त्यांनी सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. धुवायचं नाही, एवढं सांगायचं राहिलं. पण पाहुणे यायच्या आधी घर धुऊ नका, असं कोणी कोणाला सांगतं का?

ठरल्या दिवशी आम्ही भाड्याच्या गाडीनं निघालो. अकोट आणि अंजनगाव मागं पडली, तोवर सर सारखे खिशातलं भिंग चाचपत होते. गुळगुळीत दाढी केली होती, मुलीनं पाठवलेला नवा शर्ट घातला होता. मी थट्टा केली की वधूपरीक्षेलाही तुम्ही चुरगळलेल्या शर्टात आला होतात. ते हसले नाहीत. "बाईंनी भिंग आणलं नसेल तर माझं देईन," एवढंच म्हणाले.

गावात ढोल होता, रांगोळ्या होत्या, बॅनर वाऱ्यानं फडफडत होता. साहेब अजून यायचे होते. ताई नवं लुगडं नेसून आमची वाटच पाहत होत्या. "आधी तुमी पाहा सरभाऊ," म्हणत त्यांनी सरांचा एक हात धरला, मी दुसरा धरला आणि आम्ही नाल्यात उतरलो.

आधी वास आला. संडास-बाथरूमच्या फरशा धुतल्यावर येतो तो वास. मग ती फळी दिसली. पांढरीशुभ्र होती. अंडी होती, पण अंग घासून घासून झिजलेल्या साबणाच्या वड्यांसारखी गुळगुळीत आणि खोल गेलेली. कवच नव्हतं, पुळ्या नव्हत्या. कडेला ॲसिडचे निळे डबे आणि फरशी घासायचे ब्रश नीट ओळीनं लावून ठेवले होते.

ताईंचा चेहरा फुलला होता. "लय काळे पडले होते जी थे. साहेब काय म्हणन, अशा मळक्या अंड्यायले पाहायले बोलावलं. मंग मले आठवलं, तुमी थेंब टाकत होते ना, तिथं कसं पांढरं निंगे. मी म्हटलं, एका थेंबानं इतकं होते, तं डबाभर टाकून पाहू. आमी साऱ्या बाया मिळून घासून राहिलो होतो. लय फसफस झाली बाप्पा. लय वर्षाचा मळ होता."

मी सरांकडे पाहायची हिंमत केली नाही. ते हळूहळू खाली बसले, ज्या गुडघ्यांनी त्यांना आता बसता येत नाही त्या गुडघ्यांवर. भिंग काढलं. एक अंडं पाहिलं, दुसरं पाहिलं, सगळी पाहिली. मग भिंग पुसून खिशात ठेवलं. ताई अजून वाट पाहत उभ्या होत्या.

"हात भाजले नाहीत ना?" सरांनी विचारलं.

"थोडेसे," ताई म्हणाल्या आणि तळवे पदराखाली लपवले.

तेवढ्यात गाड्यांचा धुरळा उठला. साहेब आले, हार झाले. साहेबांना पुढं चिखलदऱ्याला मुक्कामाला जायचं होतं, म्हणून भाषण नाल्याच्या काठावर उभ्यानंच उरकायचं ठरलं. हा देशाचा ठेवा आहे, म्हणाले. याला जो कोणी नख लावेल त्याच्यावर मी स्वतः गुन्हा दाखल करीन, मग तो गावातला असो की बाहेरचा, लहान असो की मोठा. मी कोणाचं ऐकत नाही, अशी माझी ख्याती आहे. टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात सरपंचांनी वाजवल्या आणि उत्साहाच्या भरात ताईंना पुढं ढकललं. "साहेब, साफसफाई या बाईनं केली. एक रुपया घेतला नाही."

साहेबांनी हात जोडले, फोटो निघाला.

तज्ज्ञ बाई मात्र तोवर खाली उतरल्या होत्या. त्या वाकल्या, फळीवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. मग डब्यांकडे पाहिलं. मग वर, सरांकडे.

"सर, तुम्ही पाठवलेल्या फोटोत कवच स्पष्ट दिसत होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. पण ढोल थांबला होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "इथं कोणी ॲसिड टाकलंय का?"

ताई "हाव जी" म्हणायला तोंड उघडत होत्या. मी शेजारीच होते, मला दिसलं.

"कवच नव्हतं," सर मध्येच म्हणाले. वर्गात मागच्या बाकापर्यंत जायचा तो आवाज मी कित्येक वर्षांनी ऐकला. "ती वरची बुरशी होती. धुतल्यावर आता माझ्या लक्षात येतंय. हे चुनखडीचे साधे गोटे आहेत. मी चुकलो."

बाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. "नक्की, सर?"

"नक्की. एवढ्या लांब आणलं, माफ करा."

बाईंना कळलं असावं. त्यांनी आणखी काही विचारलं नाही, फक्त जाताना वाकून सरांच्या पायांना हात लावला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना तर सुटल्यासारखंच वाटलं असणार, कारण धुरळा आला तसाच गेला.

मग गावाचा रंग पालटला. बॅनर उतरवला गेला. सरपंच म्हणाले, "सर, आमची इज्जत गेली ना. आधी नीट पाह्यचं तं होतं." पलीकडच्या गावाहून पार्किंगच्या आशेनं आलेली मंडळी हसत हसत परत गेली. आम्ही गाडीत बसत होतो तेव्हा ताईंनी विचारलंच, "सरभाऊ, मंग इतके वर्ष तुमी काय पाहून राहिले होते?"

"नजर चुकली ताई," सर म्हणाले.

दर खेपेला शिदोरी बांधून देणाऱ्या त्या बाईनं त्या दिवशी आम्हाला पाणीही विचारलं नाही.

गाडी गावाबाहेर पडल्यावर माझा तोल सुटला. मी त्यांना वाटेल ते बोलले. आयुष्य घातलंत त्या अंड्यांत, माझं अर्धं घर घातलंत, आणि एका वाक्यात सगळ्यावर पाणी सोडलंत. खरं सांगायचं होतं. अडाणीपणानं झालं म्हणून ताईंना सोडलंही असतं.

"सोडलंही असतं," सर म्हणाले. मग म्हणाले, "अंडी तर गेलीच. आता ताईंना त्याच शेतात राहायचंय. रोज सकाळी तो नाला दिसतो त्यांना."

मला त्यांचा संताप आला होता आणि त्यांचा अभिमानही वाटत होता, आणि अंजनगाव येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. ड्रायव्हरनं सभ्यपणे गाणी लावली.

अकोल्यात बातमी आमच्याआधी पोचली होती. "डायनासोरची अंडी निघाली गोटे", असा मथळा एका पेपरात आला. कॉलेजातल्या जुन्या सहकाऱ्यांनी मुद्दाम फोन करून हळहळ व्यक्त केली. तरीच आम्हाला शंका होती, असंही सांगितलं. गल्लीत कोणी ना कोणी विचारी, "सर, ऑम्लेट झालं का?" सर हसत. रविवारचे दगड मात्र थांबले. घर मोकळं झालं तर मला आनंद होईल असं मी जन्मभर समजत होते. तसं काही झालं नाही.

परवाच्या वैशाखात ताईंच्या मुलाचं लग्न झालं. पत्रिका आली तेव्हा मी जाणार नाही म्हटलं, सरांनी ऐकलं नाही. पंगतीत आम्ही व्याह्यांच्या शेजारी बसलो होतो. सरपंच वाढपाला उभे होते. त्यांनी व्याह्यांना ओळख करून दिली, "हे अकोल्याचे सर. गोट्यायले अंडे समजून जिंदगी काढली यायनं." पंगत खदखदून हसली. सरही हसले.

ताई पोळ्या वाढत होत्या. त्यांनी सरपंचांना दटावलं, "जाऊ द्या न भाऊ, काहून चिडवता?" मग सरांच्या पानात न विचारता तूप लावलेली पोळी ठेवली आणि मायेनं म्हणाल्या, "माणूस चुकते सरभाऊ. आमी काही मनात नाही ठेवलं. तुमाले कवाच माफ केलं."

मी तोंड उघडलं. सरांनी टेबलाखालून माझा हात दाबून धरला.

"उपकार आहेत ताई," ते म्हणाले, आणि त्यांनी थोडं वरण मागितलं.